शोरूममध्ये भाव नेमका कुठे करायचा: पुण्यात नवी गाडी घेताना

पुण्यात शोरूमची वानवा नाही. बाणेर-वाकडचा हायवे, सातारा रस्ता, नगर रस्ता, हडपसर, चिंचवड अशा निरनिराळ्या टोकांना एकाच कंपनीचे तीन-चार डीलर बसलेले असतात आणि गिऱ्हाइकाचं पहिलं भांडवल तेच आहे. तरीही बहुतेकांची घासाघीस चुकीच्या जागी होते. "एक्स-शोरूममध्ये किती कमी करता?" यावर अर्धा तास जातो, सेल्समन दोनदा मॅनेजरच्या केबिनमध्ये जाऊन येतो, पाच हजार कमी होतात. मग खालच्या ओळींमधून त्याच्या तिप्पट रक्कम वसूल होते आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

एक्स-शोरूम किंमत (रोड टॅक्स, नोंदणी आणि विमा धरण्याआधीची) कंपनी ठरवते. तिच्यात डीलरचा वाटा असतो, पण नेहमीच्या गाड्यांवर तो थोड्याच टक्क्यांचा. त्याचं गणित जमतं ते विमा, कर्ज, ॲक्सेसरीज, एक्स्टेंडेड वॉरंटी आणि तुमची जुनी गाडी यांवर. म्हणून भाव करायचा तो कोटेशनच्या खालच्या अर्ध्या भागात. शिवाय नवी गाडी, जुनी गाडी, कर्ज आणि विमा हे चार वेगळे व्यवहार आहेत असं धरूनच बोलायचं. हे चारही एका आकड्यात कालवले की कुठे मिळालं आणि कुठे गेलं हे समजायला मार्ग राहत नाही.

कोटेशन फोडून मागा

तोंडी सांगितलेला किंवा ब्रोशरच्या कोपऱ्यावर पेनाने लिहिलेला आकडा म्हणजे कोटेशन नव्हे. लेटरहेडवर किंवा डीलरच्या अधिकृत मेलवरून व्हेरिएंट, रंग, उत्पादनाचा महिना आणि वर्ष, आणि प्रत्येक आकारणीची स्वतंत्र ओळ असलेलं कोटेशन मागा. ते देण्यात कुणी टाळाटाळ करत असेल तर तिथे फार वेळ घालवू नका.

समजा ११९७ सीसीची पेट्रोल गाडी आहे आणि ती कर्जावर घ्यायची आहे. कागद साधारण असा येतो (आकडे समजण्यापुरते आहेत):

एक्स-शोरूम: ९,५०,०००
रोड टॅक्स, ११ टक्के: १,०४,५००
नोंदणी ६००, स्मार्ट कार्ड २००, हायपोथिकेशन (नोंदणीवर बँकेच्या कर्जाची नोंद) १,५००: एकूण २,३००
फास्टॅग: ६००
विमा: ४८,०००
'एसेन्शियल किट' (ॲक्सेसरीजचा संच): १५,०००
हँडलिंग किंवा लॉजिस्टिक्स: ८,५००
एक्स्टेंडेड वॉरंटी: १४,०००
ऑन-रोड: ११,४२,९००

पहिल्या चार ओळींची बेरीज १०,५७,४०० होते. त्यात कंपनीची स्कीम आणि डीलरने स्वतःच्या वाट्यातून सोडलेली रक्कम एवढंच कमी होऊ शकतं, कारण कर आणि सरकारी फी कुणाच्या हातात नसते. उरलेले ८५,५०० रुपये हे खरं मैदान. त्यातला थोडा विमा तुम्हाला हवाच आहे. बाकीचं कुठलंही सक्तीचं नाही.

रोड टॅक्स स्वतः काढून पाहा. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांमध्ये १२ आणि त्यावर १३ टक्के कर आहे. डिझेलला हेच दर १३, १४ आणि १५ टक्के. सीएनजीला पेट्रोलपेक्षा कमी. कंपनीच्या नावावर गाडी घेतली तर कर बराच वाढतो, त्यामुळे स्वतःचा छोटा धंदा असलेल्यांनी हे सीएशी आधी बोलून घ्यावं.

दहा लाखांच्या उंबरठ्यावर जपून पावलं टाका. ९,९९,००० च्या पेट्रोल गाडीला कर १,०९,८९० होतो. १०,०५,००० च्या गाडीला तो १,२०,६०० होतो, आणि दहा लाखांच्या वर गेल्यामुळे एक टक्का टीसीएस (विक्रेत्याने बिलातच गोळा करायचा आयकर) म्हणजे आणखी १०,०५० रुपये भरावे लागतात. टीसीएस तुमच्या पॅनवर जमा होतो आणि आयकर विवरणपत्रात परत किंवा वळता होतो, पण करातला १०,७१० चा फरक गेला तो गेलाच. किमतीत सहा हजार जास्त असलेला वरचा व्हेरिएंट हातात पडताना जवळपास सतरा हजारांनी महाग पडतो. अशा गाडीवर बोलताना बिलावरची किंमतच खाली येते का हे आधी विचारा.

'आरटीओ चार्जेस' ही ओळ गोल आकड्यात असेल, उदाहरणार्थ १,१५,०००, तर तिची फोड मागा. कर भरल्यावर सरकारच्या 'वाहन' पोर्टलची पावती निघते आणि तिच्यावर कर व फी वेगवेगळी छापलेली असते. "पावतीइतकीच रक्कम घेणार आणि जास्तीची परत करणार" हे बुकिंग फॉर्मवर लिहून घ्या. एवढी मागणी केली तरी हा आकडा बऱ्याचदा आपोआप खाली येतो.

हँडलिंग चार्ज नावाची कोणतीही सरकारी फी नाही. गाडी कारखान्यातून शोरूमपर्यंत आणण्याचा खर्च एक्स-शोरूम किमतीतच धरलेला असतो. "सगळेच घेतात" याला उत्तर साधं आहे: "मग त्याची जीएसटीसह पावती द्या आणि कशाबद्दल घेतले ते त्यावर लिहा." कुणी तरीही अडून बसला तर नावावर वाद घालू नका. तेवढी रक्कम दुसऱ्या ओळीतून कमी करायला सांगा. आपल्याला बेरीज उतरवायची आहे.

विमा: सगळ्यात मोठी फट

इथे सर्वांत जास्त वेळ द्या. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा (दुसऱ्याच्या नुकसानीचा) १ सप्टेंबर २०१८ पासून बंधनकारक आहे. त्याचा दर सरकार ठरवतं: १००० सीसीपर्यंत ६,५२१, १००० ते १५०० सीसीला १०,६४० आणि त्यावर २४,५९६ रुपये, अधिक १८ टक्के जीएसटी. यात कुणीही कमी-जास्त करू शकत नाही. आपल्या उदाहरणात हा भाग जीएसटीसह १२,५५५ होतो. म्हणजे ४८,००० मधले साडेपस्तीस हजार हे गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचं संरक्षण आणि ॲड-ऑन (वरून घ्यायची जादा संरक्षणं) यांचे झाले. या भागावर विमा कंपन्या मोठी सूट देतात. डीलरच्या कोटेशनमध्ये ती सूट नावापुरतीच दिसते, कारण मधल्या फरकावरच त्याची कमाई असते.

करायचं काय? डीलरच्या विम्याचा पूर्ण तक्ता मागा: आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) किती, ॲड-ऑन कोणते, प्रत्येकाचा प्रीमियम किती. मग तोच आयडीव्ही आणि तेच ॲड-ऑन घेऊन दोन-तीन विमा कंपन्यांचे दर बाहेरून काढा. नव्या गाडीचा आयडीव्ही साधारणपणे एक्स-शोरूमच्या ९५ टक्के असतो, आपल्या गाडीला ९,०२,५००. बाहेरचा दर फारच स्वस्त दिसला तर आधी आयडीव्ही तपासा. तो आठ लाखांवर आणून प्रीमियम कमी दाखवलेला असू शकतो, आणि गाडी चोरीला गेली तर मिळणारी रक्कमही तेवढीच खाली आलेली असते.

ॲड-ऑनमध्ये झिरो डेप्रिसिएशन पहिल्या काही वर्षांत घ्यावंच. ते नसेल तर बंपरसारख्या प्लॅस्टिक भागांची निम्मी किंमत स्वतःच्या खिशातून जाते. इंजिन प्रोटेक्शनही पुण्यात वगळू नका. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पार्किंगमधली वाहनं पाण्याखाली गेली होती. पाणी शिरलेलं इंजिन चालू करायला गेल्यावर होणारं नुकसान साध्या पॉलिसीत बसत नाही. आणि पाण्यातून काढलेली गाडी चालू करून पाहण्याचा मोह कुणाला आवरतो? रिटर्न टू इनव्हॉइस (गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर बिलाची किंमत देणारं) पहिल्या दोन-तीन वर्षांपुरतं उपयोगी आहे. चावी हरवल्याचं, सामान चोरीचं वगैरे कव्हर सोडलं तरी चालेल. मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघात संरक्षण तुमच्याकडे आधीच असेल तर त्याचा पुरावा द्या आणि ती ओळ काढून घ्या.

जुनी गाडी विकणार असाल तर नो क्लेम बोनस तुमचा आहे, गाडीचा नव्हे. पाच वर्षं क्लेम नसेल तर तो ५० टक्क्यांपर्यंत जातो आणि नव्या गाडीच्या स्वनुकसान प्रीमियममधून वजा होतो. विक्रीनंतर जुन्या विमा कंपनीकडून एनसीबी रिटेन्शनचं, म्हणजे हा बोनस राखून ठेवल्याचं, पत्र घ्या. ते तीन वर्षं चालतं. एक्सचेंजमध्ये गाडी देणाऱ्यांकडून हे हमखास राहून जातं, कारण शोरूममध्ये त्याबद्दल कुणी स्वतःहून बोलत नाही.

बाहेरचा दर हातात आला की सेल्समनला दाखवा आणि गप्प बसा. पुष्कळदा डीलर त्याच्या जवळ येतो. फरक दोन-तीन हजारांचाच राहिला तर डीलरकडूनच घ्या, क्लेमच्या वेळी सोयीचं पडतं. फरक मोठा राहिला तर बाहेरून घ्या. डीलर आपलाच विमा घेण्याची सक्ती करू शकत नाही. "मग आमच्या वर्कशॉपमध्ये कॅशलेस मिळणार नाही" असं सांगतील. हे अर्धसत्य आहे. कॅशलेस मिळतं ते विमा कंपनीचा त्या वर्कशॉपशी करार असला तर, पॉलिसी कुणी विकली याच्याशी त्याचा संबंध नाही. तेव्हा त्याच डीलरच्या बॉडीशॉपमध्ये जाऊन कोणकोणत्या कंपन्यांचं कॅशलेस चालतं ते विचारा आणि त्यांतलीच एक निवडा.

बाहेरून विमा घ्यायचा तर चासी नंबर आणि इंजिन नंबर लागतो आणि तो गाडी तुमच्या नावे लावल्यावरच मिळतो. नोंदणीच्या आधी पॉलिसी हवी असल्याने एक दिवस हातचा राखून ठेवा. पॉलिसीवरचं नाव आधार आणि पॅनशी अक्षरन् अक्षर जुळावं आणि कर्ज असेल तर बँकेचं नाव असावं. यात चूक झाली की नोंदणी अडते आणि डीलर म्हणतो, "बघा, आमच्याकडून घेतला असता तर..."

फुकटाच्या ॲक्सेसरीज

"सर, कॅश डिस्काउंट नाही होणार, पण पंचवीस हजारांच्या ॲक्सेसरीज फ्री देतो." हा आवळा देऊन कोहळा काढायचा प्रकार आहे. पंचवीस हजार ही छापील किंमत, डीलरला तो माल त्याहून खूप कमी दरात पडलेला असतो. रोख सूट मागा. ती अगदीच मिळत नसेल तर हव्या त्या वस्तूंची नावं लिहून घ्या: फ्लोअर मॅट, मड फ्लॅप, डोअर व्हायझर. मड फ्लॅप पुण्याच्या पावसाळ्यात लागतातच. सीट कव्हर घेताना गाडीत साइड एअरबॅग सीटमध्ये बसवलेल्या असतील तर तिथे शिवण उसवणारी, त्याच मॉडेलसाठी बनवलेली कव्हरच घ्या. साध्या कव्हरने एअरबॅग उघडायला अडथळा येतो. हेच सामान नाना पेठेत स्वस्त मिळतं, पण वायर कापून बसवायची कोणतीही वस्तू बाहेर लावू नका. इलेक्ट्रिकल वॉरंटी तिथेच संपते.

टेफ्लॉन कोटिंग आणि अंडरबॉडी कोटिंग शोरूममध्ये घेऊ नका. आजच्या गाड्यांना कारखान्यातच गंजरोधक थर दिलेला असतो आणि पुण्याची हवा समुद्रकाठची नाही. दर पंधरा दिवसांनी कोकणात जाणं असेल तर गोष्ट वेगळी. एक्स्टेंडेड वॉरंटी टर्बो किंवा ऑटोमॅटिक गाडीला घ्यावी, पण ती कंपनीचीच असावी. डीलरची किंवा तिऱ्हाईताची नको. बुकिंगच्या टेबलावरच ती घ्यायला हवी असंही नाही. मूळ वॉरंटी चालू असताना नंतरही घेता येते, उशिरा घेतली तर थोडी महाग पडते एवढंच.

जुनी गाडी आणि कर्ज

नव्या गाडीचा आकडा पक्का होईपर्यंत जुन्या गाडीचं नाव काढू नका. आधी दोन-तीन ठिकाणी, ऑनलाइन खरेदी करणाऱ्यांकडे आणि ओळखीच्या एजंटाकडे, किंमत काढून ठेवा. डीलर ३,२०,००० देतो आणि वर २५,००० एक्सचेंज बोनस. बाहेर ३,६०,००० मिळत असतील तर बोनस घेऊनही तुम्ही पंधरा हजारांनी खाली आहात. बाहेर विकूनही बोनस मिळतो का हे विचारा. काही कंपन्या विक्रीनंतर बदललेल्या आरसीची प्रत घेऊन तो देतात. गाडी कुठेही द्या, मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या आणि तारीख-वेळेसह डिलिव्हरी नोट घेतल्याशिवाय चावी सोडू नका. नाव बदलेपर्यंत दंडाची आणि अपघाताची नोटीस तुमच्याच दारात येते. कर्ज फिटलेलं असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (कर्जाची नोंद काढण्याचा) आधीच काढा, थकलेले ई-चलान भरून टाका. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेट नसेल तर तीही किमतीतून वळती करतात.

कर्जात एकाच प्रश्नावर फसगत होते: "ईएमआय किती बसवायचाय?" उत्तर देऊ नका. मुदत ताणून कोणताही ईएमआय बसवता येतो. फक्त दर, मुदत आणि प्रोसेसिंग फी बोला. 'साडेपाच टक्के' ऐकून हुरळू नका, तो फ्लॅट (शेवटपर्यंत मूळ रकमेवर) आहे की घटत्या शिल्लकीवर हे विचारा. ८ लाख, ५ वर्षं, ५.५ टक्के फ्लॅट म्हणजे व्याज २,२०,०००. तेच कर्ज घटत्या शिल्लकीवर ९ टक्क्यांनी घेतलं तर ईएमआय १६,६०७ आणि व्याज सुमारे १,९६,४००. साडेपाचचा फ्लॅट म्हणजे प्रत्यक्षात जवळपास दहा टक्के झाले. ९ ऐवजी ९.५ झाले तरी पाच वर्षांत साडेअकरा हजारांहून जास्त जातात. स्वतःचा पगार ज्या बँकेत येतो तिथून आणि एका सरकारी बँकेतून मंजुरीपत्र आधी काढा, मग डीलरच्या बँकेला त्याखाली यायला सांगा. डीलरला बँकेकडून मोबदला मिळतो. तो त्याने तुमच्या गाडीच्या सुटीत वळवावा, असं उघड म्हणायला हरकत नाही. मुदतीपूर्वी फेडीचा आकार किती ते मात्र मंजुरीपत्रातच वाचा, तोंडी नको.

केव्हा जायचं

गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा, धनत्रयोदशी या दिवशी डिलिव्हरीसाठी रांग असते. दगडूशेठ किंवा सारसबागेसमोर हार घातलेल्या गाड्या उभ्या असतात, आणि शोरूममध्ये तुमच्याशी बोलायला माणूस मोकळा नसतो. भाव त्या आठवड्यात होत नाही. पितृपंधरवडा आणि आषाढ हे शोरूमचे सुने दिवस. पितृपक्षात बोलणी करा, कागद पक्का करा आणि डिलिव्हरी घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंत केव्हाही घ्या. यात श्रद्धाही राहते आणि पैसेही वाचतात. फक्त स्कीम बुकिंगच्या तारखेची लागू होणार की डिलिव्हरीच्या, हे लिहून घ्या, कारण महिना उलटला की कंपनीची स्कीम बदलते.

एरवी महिन्याचा शेवटचा आठवडा बरा, तिमाहीचा शेवट त्याहून बरा. टार्गेटला दोन गाड्या कमी पडत असतील तर मॅनेजर आपल्या वाट्यातून सोडतो. डिसेंबर-जानेवारीत आदल्या वर्षी बनलेल्या गाड्यांवर मोठी सूट असते. ती घ्यावी का? आठ-दहा वर्षं गाडी वापरणार असाल तर खुशाल घ्या. तीन-चार वर्षांत विकणार असाल तर नको, आरसीवर उत्पादनाचा महिना-वर्ष असतो आणि पुढचा गिऱ्हाईक एक वर्ष जुनी धरूनच भाव करतो. ज्या गाडीला दोन-तीन महिन्यांचं वेटिंग आहे तिच्या एक्स-शोरूमवर काहीही सुटणार नाही. तिथे विमा, किट आणि हँडलिंगवरच जोर द्या.

बोलणी

किमान तीन डीलर पाहा, त्यांतला एक चिंचवड-वाकड बाजूचा आणि एक शहराच्या दुसऱ्या टोकाचा. कोथरूडच्या माणसाने चिंचवडहून गाडी घ्यायला आडकाठी नाही, रोड टॅक्स राज्यभर सारखाच आहे. नंबर एमएच-१२ (पुणे) हवा की एमएच-१४ (पिंपरी-चिंचवड) चालेल, हे मात्र कोटेशनच्या वेळीच बोला. दोन दुकानं एकाच मालकाची असतात हेही लक्षात ठेवा. त्या दोघांचे आकडे एकमेकांसमोर ठेवून काही होणार नाही.

टेस्ट ड्राइव्ह एकीकडे, भाव दुसऱ्या दिवशी. घरच्यांना घेऊन पहिल्याच भेटीत रंग ठरवला, "हीच हवी" असं मुलांनी म्हटलं, की तुमच्या हातात फारसं काही उरत नाही. रंगाबद्दल दोन पर्याय मोकळे ठेवा. यार्डात उभी असलेली गाडी घ्यायची तयारी हीच मोठी सूट मिळवून देते, कारण उभ्या गाडीवर डीलर रोज व्याज भरत असतो.

आधी कंपनीची स्कीम संपूर्ण काढून घ्या: रोख सूट, एक्सचेंज किंवा स्क्रॅपेज (जुनी गाडी भंगारात दिल्याचा) बोनस, लॉयल्टी, कॉर्पोरेट. कॉर्पोरेट सवलत हिंजवडी-खराडीच्या आयटी कंपन्यांपुरती नसते. सरकारी नोकर, बँक कर्मचारी, शिक्षक, डॉक्टर, सीए यांच्यासाठीही बऱ्याच कंपन्या ती देतात. ओळखपत्र आणि पगारपत्रक लागतं. ही सूट कंपनीकडून येते, डीलरच्या खिशातून नाही, आणि तुम्ही विचारली नाही तर ती तुमच्यापर्यंत पोचेलच असं नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी उतरल्याने कमी झालेली किंमतही 'सूट' म्हणून सांगतात. ती आजची छापील किंमतच आहे. सूट मोजायची ती तिच्या खाली.

यानंतर डीलरचा स्वतःचा वाटा. इथे ताकाला जाऊन भांडं लपवू नका. "दादा, तुमच्या कंपनीची स्कीम कळली. विमा आणि किट सोडून ऑन-रोड एकच आकडा सांगा. जमला तर आज बुकिंग करतो." हे सेल्समनला नको, त्याच्या मॅनेजरसमोर म्हणा. सेल्समनच्या हातात ठरावीक मर्यादेपलीकडे काही नसतं, त्याच्याशी ताणून कटुता येते. दुसऱ्या डीलरचा आकडा खरा असेल तरच सांगा आणि कागद दाखवा. हे लोक एकमेकांना ओळखतात, पोकळ आकडा लगेच उघडा पडतो. आवाज न चढवता उठून येणं हे सर्वांत कामाचं. दोन दिवसांत फोन येतोच. नाही आला, तर तो आकडा खरोखर शेवटचा होता आणि परत जाऊन तोच घेण्यात कमीपणा नाही.

बुकिंगपासून चावीपर्यंत

बुकिंगची रक्कम कमीत कमी द्या, आणि ती फक्त डीलरच्या कंपनीच्या खात्यावर. सेल्समनच्या वैयक्तिक यूपीआयवर एक रुपयाही नको. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख देणं-घेणं कायद्याने चालत नाही. फॉर्मवर या गोष्टी हव्यात: ठरलेला ऑन-रोड आकडा, सुटीची फोड, ॲक्सेसरीजची नावं, डिलिव्हरीची तारीख, रद्द केल्यास किती कापणार. "नंतर ॲडजस्ट करू" अशी सूट बिलावरच घ्या. बिलावर पूर्ण किंमत आणि सूट 'नंतर खात्यात' असा प्रकार असेल तर तारीख घालून लेखी घ्या, नाहीतर ते पैसे महिनोन्महिने लोंबकळतात.

पूर्ण पैसे भरण्याआधी आणि नोंदणी होण्याआधी गाडी यार्डात जाऊन दिवसाउजेडी पाहा. नोंदणी झाली की ती तुमची, मग ओरखडा दाखवून उपयोग नाही. चासी नंबर कागदाशी जुळवा. दाराच्या खांबावरच्या किंवा बॉनेटखालच्या पट्टीवरून उत्पादनाचा महिना पाहा. टायरवरचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात: २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. चारही टायर आणि स्टेपनी आसपासच्या आठवड्यांचे असावेत. काचांवरचे शिक्के एकाच बनावटीचे आहेत का, बॉनेट आणि डिकीचे बोल्ट खोललेल्याच्या खुणा आहेत का, छतावर आणि दारांच्या कडांवर रंगाची छटा बदलते का, हे पाहा. किलोमीटर शंभराच्या आत असावेत. दोष सापडला तर दुरुस्ती मागू नका, दुसरी गाडी मागा. दुसरी लगेच मिळत नसेल आणि दोष वरवरचा असेल, तर आणखी सूट मागायची शेवटची संधी हीच.

चावी घेताना टॅक्स इनव्हॉइस, फॉर्म २१ (विक्रीचा दाखला) आणि २२ (गाडी रस्त्यायोग्य असल्याचा दाखला), विमा पॉलिसी, कराची पावती, फास्टॅगचा तपशील, दोन्ही चाव्या, जॅक आणि टूलकिट मोजून घ्या. त्याच टेबलावर कराच्या पावतीशी 'आरटीओ'ची रक्कम ताडा आणि जास्तीचे पैसे परत मागा. डिलिव्हरी झाल्यावर ते मिळवायला चार चकरा होतात. डीलर ऐकत नसेल तर आधी कंपनीच्या ग्राहक सेवेला कागदांसह मेल करा. आठवडाभरात उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग आहेच. तिथे उपयोगी पडतं ते पहिल्या दिवशी लेटरहेडवर घेतलेलं कोटेशन आणि सही-शिक्क्याचा बुकिंग फॉर्म, म्हणून दोन्ही गाडीच्या फाइलमध्ये ठेवा.